कॉकपिटमधली लेखणी : पेन्सिल की पेन?

विमानाच्या कॉकपिटचे छायाचित्र पाहिले की नजरेत भरतात ते रंगीत पडदे, शेकडो बटणे आणि दिवे. वैमानिकाच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला अडकवलेल्या साध्या पेनाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मात्र नागपूरच्या सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून सुटणारे मोठे प्रवासी विमान असो, की विद्यार्थी वैमानिकाच्या हाती असलेले दोन आसनी सेस्ना असो, कागदावर काही ना काही टिपल्याशिवाय उड्डाण सहसा सुरू होत नाही. ज्याने टिपायचे त्या साधनाची निवड वरवर क्षुल्लक वाटते. जमिनीवर उत्तम चालणारी लेखणी हवेत, उन्हात, अंधारात आणि हादऱ्यांत तशीच चालेल याची मात्र खात्री नसते. नव्याने उड्डाण शिकणाऱ्यांना ही गोष्ट बहुधा अनुभवाने कळते. ती आधी कळलेली बरी.

काय लिहावे लागते?

उड्डाणापूर्वी वैमानिक विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती रेडिओवर ऐकतो. तिला एटिस म्हणतात. वापरात असलेली धावपट्टी, वाऱ्याची दिशा व वेग, दृश्यमानता, तापमान आणि हवेचा दाब हे सारे त्यात एका दमात सांगितले जाते. त्यानंतर हवाई वाहतूक नियंत्रक उड्डाणाची परवानगी वाचून दाखवतो. कोठवर जायचे, कोणत्या मार्गाने, किती उंचीपर्यंत चढायचे, पुढे कोणत्या रेडिओ लहरीवर बोलायचे आणि विमानाच्या ट्रान्सपाँडरवर कोणता चार आकडी संकेत लावायचा, असा तिचा क्रम असतो. वैमानिकाने हे सर्व जसेच्या तसे परत वाचून दाखवायचे असते. ऐकणे, टिपणे आणि परत वाचणे ही साखळी काही सेकंदांत पूर्ण व्हावी लागते.

पूर्ण वाक्ये लिहायला वेळ नसल्याने प्रत्येक वैमानिक स्वतःची लघुलिपी तयार करतो. चढण्यासाठी वर जाणारा बाण, उतरण्यासाठी खाली जाणारा बाण, धावपट्टीसाठी तिचा नुसता क्रमांक. नागपूरची धावपट्टी १४ आणि ३२ या क्रमांकांनी ओळखली जाते. कोणत्या टोकाकडून उड्डाण होणार, हे त्या दोन आकड्यांवरून ठरते. मार्गावर असताना कोणत्या ठाण्यावरून किती वाजता गेलो, पुढचे ठाणे केव्हा येणार, इंधन किती उरले, याच्या नोंदी होतात. उतरल्यावर विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत आणि वैमानिकाच्या स्वतःच्या नोंदवहीत लिहावे लागते.

या लेखनाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार तात्कालिक टिपणाचा. त्याचे आयुष्य काही मिनिटांचे असते आणि त्यात वारंवार खाडाखोड होते. दुसरा प्रकार कायमच्या नोंदीचा. ती वर्षानुवर्षे टिकावी लागते आणि तिच्यात गुपचूप बदल करता येता कामा नये. दोन्ही कामांना एकच लेखणी पुरत नाही आणि निवडीची पुष्कळशी गफलत येथेच होते.

एका आकड्याचे मोल

ही चर्चा निव्वळ लेखनसामग्रीच्या आवडीनिवडीची नाही. विमानाचे उंचीमापक यंत्र हवेच्या दाबावर चालते. नियंत्रकाने सांगितलेला दाब वैमानिक त्या यंत्रावर लावतो आणि त्यानुसार यंत्र समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवते. दाबाचा आकडा एका हेक्टोपास्कलने चुकला तर उंचीत सुमारे २७ ते ३० फुटांचा फरक पडतो. दहाने चुकला तर जवळपास २८० फुटांचा. सोनेगाव विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची १,०३३ फूट आहे. ढगांतून उतरणारे विमान यंत्रावर दिसते त्यापेक्षा २८० फूट खाली असेल, तर काय होऊ शकते याची कल्पना करता येते.

२३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर नेमके हेच घडले. नियंत्रकाने १००१ ऐवजी १०११ हा दाब सांगितला. तोच उंचीमापकावर लागला आणि उतरू पाहणारे एअरबस ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडे जमिनीपासून अवघ्या ६ फुटांपर्यंत खाली आले. वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतल्याने अनर्थ टळला. येथे चूक लेखणीची नव्हती, सांगण्याची होती. मात्र आधी ऐकलेल्या माहितीतील आकडा समोर कागदावर स्वच्छ लिहिलेला असेल, तर नंतर कानावर पडणारा निराळा आकडा खटकण्याची शक्यता वाढते. कॉकपिटमधील टिपणाचा खरा उपयोग हा आहे. आठवण ठेवण्याबरोबरच ते पडताळणीसाठीही असते.

उंचीच्या आकड्याचे मोल भारताने फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ एकमेकांवर आदळले. ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबण्याची, तर दिल्लीकडे येणाऱ्या कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहण्याची सूचना होती. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले. चौकशीत त्या विमानातील कर्मचाऱ्यांमधील संवादाचा आणि इंग्रजी भाषेच्या अडचणीचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. केवळ लिहून घेतल्याने असे अपघात टळतात असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु उंचीचा आकडा ऐकणे, टिपणे, परत वाचणे आणि सहकाऱ्याने तो पाहणे या पायऱ्यांवर प्रशिक्षणात इतका भर का असतो, हे यातून कळते.

मध्यरात्रीचे नागपूर

कॉकपिटमधील लेखनाचा विचार करताना नागपूरचा एक जुना अध्याय आठवतो. जानेवारी १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई त्या वेळी दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असल्याने हा मान नागपूरला मिळाला. १९७३ पर्यंत ही सेवा चालली.

सुरुवातीच्या काळात या कामावर डाकोटा विमाने होती. त्यांच्या कॉकपिटमध्ये आजच्यासारखी हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. उपग्रहाधारित दिशादर्शन तर कल्पनेतही नव्हते. होकायंत्र, घड्याळ, रेडिओ, नकाशा आणि पेन्सिल हीच वैमानिकांची साधने होती. ठरलेल्या वेगाने ठरलेल्या दिशेला इतकी मिनिटे उडालो, म्हणजे आता नकाशावर येथे असायला हवे, अशा हिशोबाने विमान पुढे जाई. त्या हिशोबाची प्रत्येक पायरी कागदावर असे. पेन्सिलीचे टोक मोडणे किंवा आकडा न दिसणे म्हणजे त्या हिशोबाचा धागा तुटणे.

रात्रीच्या उड्डाणाचा एक धडा आजही लागू आहे. अंधाराला सरावलेली दृष्टी टिकावी म्हणून कॉकपिटमध्ये दीर्घकाळ लाल दिव्याचा वापर होत आला. लाल उजेडात लाल शाई जवळपास अदृश्य होते. दिवसा ठसठशीत वाटणारी लाल रेघ रात्री कागदावर नाहीशी झाल्यासारखी वाटते. नकाशावरील लाल आणि किरमिजी खुणांचेही तसेच होते. म्हणून रात्री उपयोगी पडणारी प्रत्येक नोंद काळ्या रंगातच करावी, असे सांगितले जाते. आधुनिक विमानांत मंद करता येणारा पांढरा उजेड असतो. तरीही लाल बॅटरी जवळ बाळगणाऱ्या विद्यार्थी वैमानिकांनी हा नियम विसरू नये.

फाउंटन पेनाची फजिती

१९३१ मध्ये मुंबईत दिगंबर दांडेकर यांनी सुरू केलेल्या कॅम्लिनच्या शाईवर महाराष्ट्राच्या अनेक पिढ्या लिहायला शिकल्या. शाईच्या पेनाचे अक्षर देखणे खरे, पण विमानात हे पेन बेभरवशाचे ठरते. कारण साधे भौतिकशास्त्राचे आहे. पेनाच्या नळीत शाईबरोबर थोडी हवा असते. विमान वर जाते तसा बाहेरचा दाब कमी होतो, नळीतील हवा प्रसरण पावते आणि शाईला निबेवाटे बाहेर ढकलते.

प्रवासी विमानात केबिनचा दाब कृत्रिमरीत्या राखलेला असतो, पण तो जमिनीइतका नसतो. तो जास्तीत जास्त ८ हजार फूट उंचीवरील दाबाइतका उतरू शकतो. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. म्हणजे नळीतील हवा जवळपास एक तृतीयांशाने फुगते. नागपूरहून उडालेल्या आणि ५ हजार फुटांवर गेलेल्या छोट्या सेस्नातही ही वाढ सुमारे एक षष्ठांश भरते. अर्धवट भरलेल्या पेनात हवा अधिक, म्हणून गळतीही अधिक.

प्रवाशांनाही हे ज्ञान कामाचे आहे. नागपूर-मुंबई विमानप्रवासात शाईचे पेन न्यायचेच असेल, तर ते काठोकाठ भरलेले किंवा पूर्ण रिकामे असावे आणि विमान चढत असताना निब वरच्या बाजूला राहील असे ठेवावे. त्यामुळे फुगलेली हवा शाईला न ढकलता बाहेर पडते. वैमानिकाला मात्र पेन कसे धरले आहे याची चिंता करायला सवड नसते. त्याच्यासाठी फाउंटन पेन जमिनीवरच बरे.

बॉलपेन आणि वैमानिक

आज दहा रुपयांत मिळणाऱ्या बॉलपेनाच्या प्रसारात वैमानिकांचा मोठा वाटा आहे. हंगेरीतील पत्रकार लास्लो बिरो याने छापखान्यात लवकर वाळणारी घट्ट शाई पाहून १९३८ मध्ये बॉलपेनाचे पेटंट घेतले. पुढे तो अर्जेंटिनात गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हेन्री मार्टिन या व्यावसायिकाच्या लक्षात आले, की हे पेन उंचावर गळत नाही. विमाननिर्माते फ्रेडरिक माइल्स यांच्यासह त्याने इंग्लंडमध्ये उत्पादन सुरू केले आणि ब्रिटनच्या शाही हवाई दलाच्या कर्मचाऱ्यांना ही पेने पुरवली. सर्वसामान्यांच्या हाती बॉलपेन मोठ्या प्रमाणावर पडले ते युद्ध संपल्यानंतर. ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या गिम्बल्स दुकानात ते साडेबारा डॉलरला विकले गेले तेव्हा खरेदीसाठी झुंबड उडाली होती.

बॉलपेनाची शाई घट्ट असल्याने दाबातील फरकाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. परंतु ती छोट्या गोळीपर्यंत पोहोचते ती गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने. मांडीवरील फळीवर लिहिताना अडचण येत नाही. समोरच्या नियंत्रक चाकाला लावलेल्या चिमट्यावर, म्हणजे जवळपास उभ्या कागदावर लिहिताना मात्र पेनाचे टोक वर होते आणि काही शब्दांनंतर शाई तुटते. नेमक्या त्याच वेळी नियंत्रक उंचीचा आकडा सांगत असतो. घामाने किंवा सूर्यप्रतिबंधक मलमाने तेलकट झालेल्या कागदावरही गोळी घसरते आणि रेघ उमटत नाही. जेल पेन गुळगुळीत चालते, पण त्यातील बहुतेक शाई पाण्यात विरघळणारी असल्याने ओल्या हाताने अक्षर फिसकटते.

अंतराळातील पेनाची दंतकथा

या अडचणींवर दाबयुक्त नळीचे पेन हा उपाय आहे. अमेरिकेतील पॉल फिशर याने १९६० च्या दशकाच्या मध्यास ते विकसित केले. त्याच्या नळीत नायट्रोजन वायू भरलेला असतो. तो घट्ट शाईला मागून ढकलतो, त्यामुळे पेन उलटे, उभे किंवा ओल्या कागदावरही चालते. अमेरिकेने अंतराळात चालणाऱ्या पेनावर कोट्यवधी खर्च केले आणि रशियाने मात्र साधी पेन्सिल वापरली, ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते. ती खरी नाही. पेनाचा विकास फिशरने स्वतःच्या पैशाने केला. नासाने चाचण्या घेऊन सुमारे ४०० पेने प्रत्येकी सहा डॉलर दराने घेतली आणि १९६८ च्या अपोलो ७ मोहिमेपासून ती वापरात आली. रशियानेही १९६९ मध्ये तीच पेने विकत घेतली. त्याआधी दोन्ही देशांचे अंतराळवीर पेन्सिल वापरत होतेच.

तेथे पेन्सिल का नको झाली, हे समजून घेणे उपयोगी आहे. वजनरहित अवस्थेत शिशाचे मोडलेले टोक आणि भुकटी तरंगत राहते. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट. ते विजेचे वाहक असते आणि उपकरणात शिरल्यास घात करू शकते. लाकूडही जळणारे. विमानात वजनरहित अवस्था नसते, त्यामुळे ही भीती बरीच कमी होते. अंतराळासाठी जे योग्य ते कॉकपिटसाठीही सर्वोत्तम, असे म्हणूनच समीकरण मांडता येत नाही.

पेन्सिलीची थोरवी आणि तिच्या मर्यादा

तात्कालिक टिपणासाठी अनेक वैमानिक आजही पेन्सिलीकडे वळतात, त्याला सबळ कारणे आहेत. पेन्सिल कोणत्याही कोनात लिहिते. ती गळत नाही, वाळत नाही, थंडीत गोठत नाही. वारा बदलला, उंची बदलली की आधीचा आकडा खोडून नवा लिहिता येतो. किती शिल्लक आहे हे डोळ्यांना दिसते. पेनासारखी ती अवचित संपत नाही.

उड्डाण विद्यार्थ्यांसाठी आणखी एक खास कारण आहे. दिशादर्शनाच्या अभ्यासात डाल्टन कम्प्युटर नावाची गोल गणनपट्टी वापरतात. तिच्या एका बाजूच्या धुरकट चकतीवर वाऱ्याची खूण करून विमानाची दिशा आणि वेग काढतात. ही खूण पेन्सिलीनेच करावी लागते. पेनाची खूण त्यावर कायमची बसते आणि पुढच्या गणितात घोटाळा करते. नकाशावर मार्गाची रेघ ओढण्यासाठीही मऊ पेन्सिल बरी. कडक पेन्सिलीची रेघ फिकट उमटते आणि कागदाला चरा पाडते.

निवडताना काही बारकावे ध्यानी घ्यावे लागतात. यांत्रिक पेन्सिलीत ०.५ मिलिमीटरचे शिसे हादऱ्यांत पटकन तुटते. ०.७ किंवा ०.९ मिलिमीटरचे तग धरते. लाकडी पेन्सिल घ्यायची तर षटकोनी घ्यावी, कारण गोल पेन्सिल घरंगळते. दोन्ही टोके तासून ठेवली की एक मोडले तरी काम अडत नाही. प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या नकाशावर साधी पेन्सिल उमटत नाही. तेथे मेणाची पेन्सिल किंवा पुसता येणारे मार्कर लागते.

पेन्सिलीला एके ठिकाणी मात्र सक्त मज्जाव आहे. विमानाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा इंजिनाच्या तापणाऱ्या भागांवर तिने खूण करायची नसते. ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की विद्युतरासायनिक क्रिया होऊन पत्रा गंजू लागतो. तापणाऱ्या नळ्यांवरील कार्बनची खूण तडा जाण्याचे निमित्त ठरू शकते. नागपूरच्या मिहान प्रकल्पात २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्रासह कोठेही विमानांची देखभाल होते, तेथे खुणा करण्यासाठी ठरावीक मार्करच वापरण्याचे कारण हेच. वैमानिकाची पेन्सिल कागदापुरतीच असावी.

नागपूरच्या उन्हाची परीक्षा

परदेशी पुस्तकांत थंडीत शाई गोठण्याची चर्चा असते. विदर्भात प्रश्न नेमका उलटा आहे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हे सावलीतील हवेचे तापमान झाले. उन्हात उभ्या असलेल्या छोट्या विमानाच्या काचेखालील काळा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पलीकडे तापू शकतो. तेथे ठेवलेली मेणाची पेन्सिल मऊ पडते आणि बॉलपेनाची शाई पातळ होऊन टोकाशी गोळा होते.

सर्वांत मोठा धोका खोडता येणाऱ्या शाईच्या पेनाचा. २००६-०७ पासून बाजारात आलेल्या आणि फ्रिक्शन या नावाने लोकप्रिय झालेल्या पेनाची शाई उष्णतेने रंगहीन होते. पेनाच्या मागच्या रबराने घासले की घर्षणाची उष्णता निर्माण होते आणि अक्षर नाहीसे होते. ही किमया सुमारे ६० अंशांवर घडते. म्हणजे अशा शाईने लिहिलेला कागद मे महिन्यात सोनेगावच्या किंवा गोंदियाजवळील बिरसीच्या धावपट्टीवर उभ्या विमानात काचेखाली राहिला, तर घासण्याचीही गरज नाही. उड्डाणाचा आराखडा आपोआप कोरा होऊ शकतो. खूप थंड केल्यास ती अक्षरे परत येतात, पण उड्डाणाच्या वेळी त्याचा उपयोग नाही. खाडाखोडीच्या सोयीमुळे हे पेन विद्यार्थ्यांना आकर्षक वाटते. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते कॉकपिटमध्ये न नेणेच शहाणपणाचे. नोंदवहीत तर ते कधीच वापरू नये.

हातातून निसटलेली वस्तू

चांगले लिहिणारी लेखणी हातातून निसटली तर ती संकट ठरू शकते. छोट्या विमानात पेन पायाशी पडले आणि पेडलच्या खाली किंवा नियंत्रक दांड्याच्या खाचेत अडकले, तर विमान वळवणे अवघड होते. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानात एक कॅमेरा आसनाचा हात आणि नियंत्रक दांडा यांच्या मध्ये अडकला. आसन पुढे सरकवताच दांडा ढकलला गेला आणि विमान काही सेकंदांत ४,४०० फूट खाली आले. विमानात १९८ जण होते. विमान सावरले, पण एक सुटी वस्तू काय करू शकते हे जगाला दिसले.

म्हणून पेन दोरीने फळीला बांधावे किंवा त्याला घट्ट चिमटा असावा. लहान सुटे टोपण असलेले पेन टाळावे, कारण टोपण हमखास हरवते आणि ते कोठे गेले हे कळत नाही. मांडीला पट्ट्याने बांधायची फळी, जिला वैमानिक नीबोर्ड म्हणतात, ती याच कारणाने लोकप्रिय आहे. उड्डाणात पेन पडलेच, तर ते वाकून शोधण्याऐवजी खिशातील दुसरे काढावे. मान खाली घालून शोधताना विमानाचा तोल कधी बदलला हे कळत नाही.

लिहिणारा हात कोणता, हाही प्रश्न आहे. सेस्नात डाव्या आसनावरील वैमानिक डाव्या हाताने चाक धरून उजव्या हाताने लिहितो. डावखुऱ्या विद्यार्थ्याला येथे सरावाची गरज भासते. एअरबसच्या विमानांत नियंत्रक दांडा बाजूला असल्याने समोर लिहिण्यासाठी छोटे मेज मिळते. दोन वैमानिकांच्या विमानात एकाने विमान उडवायचे आणि दुसऱ्याने टिपायचे, अशी कामाची वाटणी असते. आधी विमान सांभाळा, मग दिशा, मग संभाषण हा क्रम सर्वत्र शिकवला जातो. लेखन त्यानंतर येते.

नोंदवही शाईतच

विमान नियम, १९३७ नुसार वैमानिकाच्या नोंदवहीतील नोंदी शाईत असाव्या लागतात. कारण उघड आहे. परवान्यासाठी लागणारे उड्डाणाचे तास त्या वहीवरून मोजले जातात. खोडता येणारी नोंद पुरावा ठरत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने परवान्यांचे बरेचसे काम संगणकीय प्रणालीवर नेले आहे. तरी जपून लिहिलेली वही आजही वैमानिकाच्या कारकिर्दीचा दस्तऐवज आहे. त्यासाठी काळ्या किंवा निळ्या, न पुसणाऱ्या शाईचे बॉलपेन योग्य. चूक झाली तर पांढरा रंग फासू नये. एक रेघ मारून, शेजारी बरोबर नोंद करून सही करावी.

विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत एका पानाच्या दोन-तीन प्रती एकाच वेळी निघतात. तेथे जोर देऊन लिहावे लागते. जेल किंवा फाउंटन पेनाने खालच्या प्रतीवर अक्षर उमटत नाही आणि पुढच्या वैमानिकाला दोषाची नोंद वाचता येत नाही. साधे, कडक टोकाचे बॉलपेन येथे इतर सर्व पेनांना मागे टाकते.

टॅब्लेट आला, कागद गेला का?

अनेक विमान कंपन्यांच्या कॉकपिटमधून नकाशांच्या जाडजूड थैल्या गेल्या आणि टॅब्लेट आले. वजन वाचले, नकाशे ताजे राहू लागले. परंतु आकडा चुकण्याचा धोका पडद्याने संपवला नाही. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एअरबस ए-३४० च्या वैमानिकांनी संगणकात विमानाचे वजन ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन भरले. शंभर टनांच्या या एका आकड्यामुळे उड्डाणाचा वेग आणि इंजिनांची ताकद कमी ठरली. विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली गेली आणि ते जेमतेम हवेत उठले. विमान सुखरूप परतले, ही सुदैवाची गोष्ट.

टॅब्लेट उन्हात तापून बंद पडू शकतो, त्याची बॅटरी संपू शकते. पेन्सिलीला या दोन्हींची बाधा नाही. त्यामुळे अत्याधुनिक विमानातही कागदाचा तुकडा आणि एक लेखणी हाताशी ठेवली जाते.

चौकट : काय निवडावे?

- उड्डाणातील टिपणासाठी : ०.७ किंवा ०.९ मिलिमीटर शिशाची यांत्रिक पेन्सिल, अथवा दोन्ही बाजूंनी तासलेली षटकोनी लाकडी पेन्सिल.
- नोंदवही व तांत्रिक नोंदींसाठी : न पुसणाऱ्या काळ्या किंवा निळ्या शाईचे, दाबून बंद होणारे बॉलपेन.
- उभ्या फळीवर किंवा ओलसर कागदावर लिहायचे असल्यास : दाबयुक्त नळीचे बॉलपेन.
- प्लॅस्टिकच्या आवरणावर : मेणाची पेन्सिल किंवा पुसता येणारे मार्कर. उन्हाळ्यात ते काचेखाली ठेवू नये.
- टाळावे : फाउंटन पेन, उष्णतेने पुसणारी शाई, रात्री लाल शाई, सुट्या टोपणाची पेने.
- नेहमी : लेखणी बांधलेली असावी आणि त्याच प्रकारची दुसरी खिशात असावी.

या साऱ्या साहित्याचा खर्च काही शे रुपयांच्या आत बसतो. दाबयुक्त पेन घेतले तर तो थोडा वाढतो, पण प्रशिक्षणाच्या एका तासाच्या शुल्कापुढे तो नगण्यच असतो. पहिल्या एकट्याच्या उड्डाणाला निघण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपली लेखणी जमिनीवरच नीबोर्डवर, मोज्यांसह आणि अंधारात चालवून पाहावी, एवढी एक चाचणी बिनखर्चाची आहे.